शर्यतीच्या पिस्तुलाच्या टिकल्या

निशी-कसाई, तोक्यो
१० ऑगस्ट २०२५

बाबा,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुम्ही ओळखलं असेलच, पत्र स्वप्निलचं नाही, तुमच्या सुनेचं आहे. मागच्या रविवारी मी फोन केला होता. तुम्ही उचललात, मी बोलत राहिले, तुम्ही "बरं, बरं" म्हणालात आणि ठेवून दिलात. तेव्हा वाटलं, लिहावं. कागद निदान वाचून होईपर्यंत तुमच्या हातात राहील.

कामाचंच लिहिते. इथल्या आपल्या लोकांचा दरवर्षी क्रीडादिन होतो, आराकावा नदीच्या काठच्या मैदानावर. यंदा तो माझ्या गळ्यात पडलाय. मीटिंगला पोचायला उशीर झाला आणि तोवर माझं नाव ठरूनही गेलं होतं. आजवर आम्ही शर्यती शिट्टीवर सुरू करायचो आणि दरवेळी पालकांची भांडणं व्हायची. नदीवर वारा इतका असतो की कडेच्या मुलांना शिट्टी ऐकूच येत नाही, ती बाकीच्यांकडे बघून धावतात.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर कुरोदा-सान म्हणून आजी राहतात. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला एक पिस्तूल आणून दिलं. घाबरू नका, शर्यत सुरू करायचंच आहे. मुलं कमी झाली म्हणून जवळची एक शाळा दुसऱ्या शाळेत मिळवली, तेव्हा तिथलं जास्तीचं सामान वस्तीत वाटून टाकलं. त्यात हे त्यांच्याकडे आलं. त्यांची दोन्ही मुलं याच्याच आवाजावर धावली आहेत. लोखंडी आहे, हातात जड लागतं. नळी बुजवलेली आहे आणि वरून पिवळा रंग दिलाय, म्हणजे कुणाला खरं वाटू नये. वर टिकलीवर आपटणारे घोडे आहेत, शेजारी शेजारी दोन.

प्रश्न टिकल्यांचा आहे. दिवाळीत फोडतात तशाच कागदी टिकल्या, पण मोठ्या आणि जाड. पिस्तुलाबरोबर एक पाकीट आलंय, किती जुनं कुणास ठाऊक. उघडलं तर दमट वास आला. काही टिकल्या फुगल्यात, काहींवर पांढरी पूड धरलीय. त्या वापराव्यात का? स्टेशनजवळचा खेळांच्या सामानाचा दुकानदार म्हणतो, नव्या मागवायच्या तर अख्खा खोका घ्यावा लागेल, आणि तेवढ्या पैशात आमच्या मंडळाचे चार क्रीडादिन होतील. विजेवर चालणारं यंत्र आमच्या आवाक्याबाहेर आहे. स्वप्निलच्या ऑफिसातला अंबरीष आमचा खजिनदार. तो म्हणतो इंटरनेटवर स्वस्तात मिळतात, कुठल्याही चालतील.

तुम्ही इतकी वर्षं शाळेत पी.टी. शिकवलीत, आंतरशालेय स्पर्धांना स्टार्टर म्हणून उभे राहिलात. हे मी दुसऱ्या कुणाला विचारू?

आर्या चौथीत गेली. इथल्या सरकारी शाळेत घातलंय तिला, आता घरीही जपानीतच उत्तरं देते. स्वप्निल कामात असतो. त्याने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

वैभवी

•

निशी-कसाई
७ सप्टेंबर २०२५

बाबा,

तुमचं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. लेटरबॉक्समध्ये आपल्याकडचं पोस्टाचं पाकीट दिसलं तेव्हा मी लिफ्टची वाट न बघता जिन्यातच वाचलं. फळ्यावर लिहिल्यासारखं लिहिलंत, ते आवडलं. "जुन्या टिकल्या वाजवायच्या नाहीत, एकही नाही. फुगलेली टिकली कधी वाजतच नाही, आणि कधी नुसती दाबली तरी वाजते. कोरड्या डब्यात ठेवू नकोस, पाण्यात बुडव. ज्या पिस्तुलासाठी जी टिकली केली असेल तीच घालायची. स्वस्त मिळाली म्हणून दुसरी नाही. एकावर एक दोन तर कधीच नाही."

पहिलं काम मी त्या टिकल्या भिजवण्याचं केलं. नंतरची गंमत ऐका. इथे कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा याचं मोठं पत्रक असतं, पण भिजलेल्या टिकल्या त्यात कुठेच बसेनात. जळणाऱ्या कचऱ्यात टाकाव्यात तर शब्दशः जळणाऱ्या. मग कुरोदा-सान मला घेऊन कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत गेल्या. तिथला तरुण पोलीस आधी पिस्तूल बघून उभा राहिला, मग त्याचा पिवळा रंग बघून खाली बसला. नळी बुजवलेली आहे ना ते त्याने टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "हे ठेवायला हरकत नाही, पण सायकलच्या बास्केटमध्ये उघडं नेऊ नका. आणि टिकल्या जिथून नव्या घ्याल त्या दुकानदाराला परत द्या." तोवर त्या आमच्या बाल्कनीत बादलीत आहेत.

अंबरीषला मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. परदेशातून पितळेच्या रिकाम्या काडतुसांसारखं काहीतरी तो मागवणार होता. कस्टमवाले विचारतील तेव्हा खजिनदार म्हणून सही कोण करणार, असं विचारल्यावर त्याने तो नाद सोडला.

तुम्ही शेवटी लिहिलंय, कानात कापूस पुरत नाही, स्पंजचे बोळे घाल, दोन्ही कानांत. "मी कधी घातले नाहीत. उजवा कान तर कधीच गेला. डावाही आता फारसा कामाचा नाही." हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत. डॉक्टरांना दाखवलंत का? कल्पनाताई शेजारीच आहेत, त्यांना बरोबर न्या.

आता एक सांगायलाच हवं. मागच्या पत्रात स्वप्निलचा नमस्कार लिहिला तो मी माझ्या मनाने लिहिला. मी तुम्हाला लिहिते हे त्याला माहीत नाही. आई गेल्या त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून त्याने घरात तुमचं नाव काढलेलं नाही. त्या मे महिन्यात कोरोनामुळे इथल्या सरकारने भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं होतं. तो गेला असता तर परत येऊ शकला नसता. आर्या तेव्हा पाच वर्षांची, माझं काम सुटलेलं. तो गेला नाही. त्याची खंतच त्याला पुरेशी होती. पण त्या संध्याकाळी बाल्कनीतून तुम्हाला फोन करून तो आत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "बाबांनी फोन ठेवला." पुढे मी कितीदा विचारलं, त्याने सांगितलं नाही.

तुम्ही विचारलंत, आर्या किती अंतर धावते. शंभर मीटर. सुरुवात मात्र नेहमी उशिरा करते. बाकीची मुलं निघालीत का ते आधी बघते आणि मग निघते. शाळेतही तिचं तसंच चाललंय, भाषेमुळे असेल. यावर काही असेल तर लिहा.

वैभवी

•

निशी-कसाई
२८ सप्टेंबर २०२५

बाबा,

आज तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

काल आम्ही मैदानावर लेनची आखणी करून बघायला गेलो होतो. स्वप्निल, अंबरीष, मी, आणखी दोन-तीन घरं. मी मैदानाच्या ऑफिसात परवानगीचं बोलायला गेले होते तेवढ्यात अंबरीषने पिशवीतून खेळण्याच्या पिस्तुलाच्या टिकल्या काढल्या. पोरांच्या दुकानात मिळतात त्या, अगदी स्वस्त. त्या या पिस्तुलात बसेनात, खाली सरकायच्या. म्हणून त्याने दोन एकावर एक दाबून बसवल्या. चाप ओढला, काही झालं नाही. का वाजलं नाही ते बघायला त्याने पिस्तूल तोंडासमोर आणलं आणि तेव्हा ते वाजलं.

घाबरू नका. डोळा वाचला. भुवई करपली, गालावर काळे ठिपके आलेत, आणि डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते म्हणतो. मी धावत आले तेव्हा तो वाळूत बसला होता आणि स्वप्निलच्या हातात पिस्तूल होतं. स्वप्निल त्याला म्हणत होता, "माझे बाबा इथे असते ना, तर त्यांनी हे तुझ्या हातात दिलंच नसतं." बाबा, चार वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

अंबरीषची जपानी कच्ची, म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे स्वप्निलच त्याला घेऊन गेला. मीही गेले. डॉक्टर वयस्क बाई होत्या, सावकाश बोलत होत्या. त्यांनी तपासून सांगितलं, हा कान भरून येईल, एकदाच बसलेला धक्का आहे. वर्षानुवर्षं बसला असता तर आला नसता.

स्वप्निलने विचारलं, "वर्षानुवर्षं बसला तर काय होतं?"

त्या म्हणाल्या, "समोर माणूस असला की ओठ बघून बराच काळ निभावतं. घरच्यांनाही कळत नाही. फोनवर मात्र आवाज येतो आणि शब्द येत नाहीत. मग असे लोक सगळ्यालाच हो, हो म्हणतात."

अंबरीषला घरी सोडून आम्ही परत निघालो. स्वप्निल सायकलवर बसलाच नाही. हातात धरून चालत राहिला, मीही चालत राहिले. घरी आल्यावर मी तुमचं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. मला वाटलं होतं चिडेल. त्याने ते सावकाश वाचलं, कानाच्या ओळीवर थांबला, मग पहिल्यापासून परत वाचलं. आणि त्या संध्याकाळचं सांगितलं.

त्याने तुम्हाला म्हटलं होतं, "बाबा, फोन आईच्या कानाशी धरा, मला तिच्याशी बोलायचंय." तुम्ही "बरं, बरं" म्हणालात आणि फोन बंद झाला. त्याने परत लावला, नुसता वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी कल्पनाताईंनी कळवलं, आई गेल्या. त्याने असं धरलं की मी आलो नाही म्हणून बाबांनी मला आईशी बोलू दिलं नाही.

तुम्हाला त्याचे शब्द ऐकू आले होते का? मी हे त्याच्या नकळत विचारत नाही. लिहायला बसताना त्याला म्हटलं, विचारू का. "विचार," म्हणाला.

वैभवी

•

निशी-कसाई
१८ ऑक्टोबर २०२५

बाबा,

कल्पनाताईंनी तुमच्या पत्राचा फोटो काढून पाठवला ते बरं झालं. पोस्टाची वाट बघणं या वेळी जमलं नसतं.

फोटो आला तेव्हा आम्ही नाश्त्याला बसलो होतो. मी फोन स्वप्निलकडे सरकवला. त्यात तुम्ही लिहिलेलं तसंच उतरवते, कारण तुम्हाला कळायला हवं की त्याने ते शब्दन् शब्द वाचलं.

"नाही. ऐकू आलं नाही. मला वाटलं विमान मिळत नाही तेच परत सांगतोय, त्याला किती बोलायला लावायचं, म्हणून बरं म्हणालो. नंतर फोन वाजला असेल तर तोही ऐकला नाही, मी हिच्याजवळ बसून होतो. हिने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, तुझी आठवण काढत होता. तिला बरं वाटलं. हसली. मग तिने त्याच्या लहानपणचं काहीतरी सांगितलं, तेही मला नीट ऐकू आलं नाही. कमी ऐकू येतं हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक मोठ्याने बोलतात आणि कमी बोलतात. त्याला सांग, मी रागावलो नव्हतो. तो का बोलत नाही ते मलाच कळत नव्हतं."

आर्याने जपानीत विचारलं, पप्पा, काय झालं? तो म्हणाला, "आजोबांचं पत्र आहे." मग उठून तोंड धुऊन आला आणि मला म्हणाला, "टिकल्यांचं काय झालं? कुणी आणल्या का?"

कुणीच आणल्या नव्हत्या. अंबरीष आता पिस्तुलाच्या आसपास फिरकत नाही. गेल्या शनिवारी स्वप्निल स्वतः कुरोदा-सानना घेऊन कोइवाला गेला. आमच्याच एदोगावा वॉर्डात आहे ते, पण आम्ही कधी गेलो नव्हतो. शाळांना खेळांचं सामान पुरवणारं मात्सुओ नावाच्या माणसाचं दुकान तिथे अजून चालू आहे, एवढं कुरोदा-सानना आठवत होतं. मात्सुओ-साननी पिस्तूल हातात घेतलं, घोड्यांखालची काजळी ब्रशने साफ केली, एक स्प्रिंग सैल झाली होती ती बदलली. मग आतून याच पिस्तुलासाठी केलेल्या टिकल्यांचं पाकीट आणलं. एका शाळेने यंदा विजेवरचं यंत्र घेतलं आणि मागवलेला खोका तसाच राहिला होता, तो त्यांनी आमच्यासाठी फोडला. पाकिटावर या वर्षीची तारीख आहे. किंमत म्हणाल तर आमच्या पाणपोईचा खर्च त्याहून जास्त होतो. बादलीतल्या जुन्या टिकल्याही त्यांनी ठेवून घेतल्या.

स्वप्निलने त्यांना विचारलं, दोन घोडे कशाला? ते म्हणाले, एक टिकली फुसकी निघाली तर लगेच दुसरा घोडा पाडायचा, पोरांना खोळंबून ठेवायचं नाही. हे ऐकून तो म्हणाला, आमचे बाबा पण असंच करायचे. कुरोदा-साननी मला हे नंतर सांगितलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

आर्यासाठी तुम्ही लिहिलंत, तिला खाली बघायला सांग, शेजारी बघू नको, आवाजाने पाय हलला पाहिजे, डोळ्यांनी नाही. रोज संध्याकाळी स्वप्निल हॉलमध्ये टाळी वाजवतो आणि ती दारापर्यंत पळते. खालच्या मजल्यावरच्यांची मी जाऊन माफी मागून आले.

तुम्हाला फोन करायचं त्याच्या मनात आहे. काल बराच वेळ फोन हातात घेऊन बसला होता. मग म्हणाला, "करून उपयोग काय, त्यांना ऐकू येणार नाही."

परवा दिवाळी. चकल्या जमल्यात, अनारसे विरघळले. कल्पनाताईंना सांगा, तुमच्याकडे फराळ पोचतोय का बघायला मी त्यांना फोन करणार आहे.

वैभवी

•

निशी-कसाई
८ नोव्हेंबर २०२५

बाबा,

क्रीडादिन झाला. सोमवारी सुट्टी होती, ऊनही चांगलं पडलं, वारा मात्र होताच.

स्टार्टर स्वप्निल होता. मी ठरवलं नव्हतं, त्यानेच पिस्तूल घेतलं आणि पांढरी टोपी घालून रेषेच्या बाजूला जाऊन उभा राहिला. कानात स्पंजचे बोळे, हात सरळ वर. जवळच्या पालकांना त्याने मागे रेटलं, बोळे नसलेल्या टाइमकीपरला आपल्याकडचे जास्तीचे दिले. मुलांना सूचना इंग्रजीत द्यायची की जपानीत यावर आधी बरीच चर्चा झाली होती. त्याने तिसरंच केलं. "जागेवर... तयार..." असं खणखणीत मराठीत म्हणाला. आमच्यातली तमिळ, तेलुगू, गुजराती मुलं आणि त्यांच्याबरोबर आलेले जपानी वर्गमित्र, सगळी पहिल्या शर्यतीला त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या शर्यतीपासून सगळ्यांना कळलं.

दोनदा टिकली फुसकी निघाली. दोन्ही वेळा त्याने दुसरा घोडा पाडला आणि मुलं गेलीसुद्धा, कुणाला काही कळलं नाही. दिवसभर एकही भांडण झालं नाही. अंबरीष खुर्चीवर बसून निकाल लिहीत होता. भुवई परत उगवतेय.

आर्याचा नंबर आला नाही. चौथी आली. पण बाबा, ती आवाजासरशी निघाली. कुणाकडे बघितलं नाही. शेवटी दमली आणि तिघी पुढे गेल्या, पण निम्म्या अंतरापर्यंत सगळ्यांत पुढे तीच होती. धापा टाकत माझ्याकडे आली आणि मराठीत म्हणाली, "आई, मी पहिली निघाले, बघितलंस?" तिच्या तोंडून इतकं लांब मराठी वाक्य मी कित्येक महिन्यांनी ऐकलं.

परवाच्या व्हिडिओ कॉलबद्दल तुम्हाला काय लिहायचं, तुम्ही तर समोरच होतात. पण इकडच्या बाजूला काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नसेल.

कल्पनाताईंचा फोन लागायच्या आधी स्वप्निल डायनिंग टेबलाशी आर्याचं चित्रकलेचं पॅड आणि जाडा मार्कर घेऊन बसला होता. ही युक्ती त्याची त्यालाच सुचली. पहिला कागद त्याने तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. मी वाचलं नाही, पण ते लांबलचक होते. शेवटी जो तुम्हाला दाखवला त्यावर एवढंच राहिलं होतं, "बाबा, मी स्वप्निल. दिसतंय का?"

तुम्ही चष्मा पुसून पुढे वाकलात आणि म्हणालात, "दिसतंय. अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे." तेव्हा तो हसला ते तुम्ही पाहिलंत. त्यानंतर मार्कर हातातून पडला तो उचलायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही, तेव्हा तो टेबलाखाली रडत होता. आर्या त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. म्हणून मी मधेच कॅमेऱ्यासमोर येऊन तुम्हाला हवापाण्याचं विचारलं.

मग तो लिहीत गेला आणि तुम्ही बोलत गेलात. आईंच्या शेवटच्या दिवसांचं तुम्ही जे सांगितलंत, ते तो पहिल्यांदाच ऐकत होता. कागद संपले तसे तो मागच्या बाजूने लिहायला लागला, आर्याच्या डोंगरांवर आणि मांजरांवर. "कानाचं मशीन घ्या" असं त्याने लिहिलं तेव्हा तुम्ही "बघू" म्हणालात. त्याने त्याखाली जाड रेघ ओढली, तुम्ही परत "बघू" म्हणालात. पण कल्पनाताई मला मागाहून म्हणाल्या, गुरुवारची वेळ घेतलीय आणि तुम्ही शर्टला इस्त्री करून ठेवलीय.

जानेवारीत आम्ही तिघं येतोय. रजा मंजूर झाली आहे. आर्याला तुमच्या शाळेचं मैदान बघायचंय, आता तिथे काय आहे ते कळवा.

काल ऑफिसातून येताना स्वप्निल पॅड घेऊन आला, मोठ्या आकाराची दोन. आर्याला वाटलं दोन्ही तिचीच, ती रंग काढून बसली. त्यातलं एक त्याने तिला दिलं. दुसरं टेबलावर फोनशेजारी ठेवलं आणि मला म्हणाला, "हे कुणी घ्यायचं नाही. रविवारी लागेल."

वैभवी